नळाचा पाईप घेताना

बांधकाम चालू असलेल्या घरात पांढरे आणि फिकट पिवळसर पाईप शेजारी शेजारी पडलेले दिसतात. पांढरा बहुधा यूपीव्हीसी, पिवळसर सीपीव्हीसी. रंगावर मात्र फार विसंबू नये, पाईपवरची छपाई वाचावी.

पीव्हीसीमध्ये (यूपीव्हीसी हा त्याचाच कडक प्रकार) वजनाने सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतो. हायड्रोजनचे काही अणू काढून तिथे आणखी क्लोरीन बसवला आणि प्रमाण साधारण ६७ टक्क्यांवर नेलं की सीपीव्हीसी होतं. क्लोरीनचा अणू थोराड. त्यामुळे रेणूंच्या साखळ्या एकमेकींवरून सहज सरकत नाहीत आणि पाईप उष्णतेने लवकर नरम पडत नाही. यूपीव्हीसी साठ अंशांच्या आसपासच कमजोर होऊ लागतं. सीपीव्हीसी ९३ अंशांपर्यंत तग धरतं. पण तेही फुकट नाही. ‘एसडीआर ११’ छापलेला सीपीव्हीसी पाईप गार पाण्यात चौरस सेंटीमीटरला २८ किलोचा दाब पेलतो, ८२ अंशांना जेमतेम ७ किलोचा. एसडीआर म्हणजे बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या किती पट आहे तो आकडा. तो जितका लहान, तितका पाईप जाड. गरम पाण्याच्या लाइनला जाडीत काटकसर नको.

पिण्याच्या पाण्यासाठी खरा प्रश्न शिशाचा. पीव्हीसी तापवून पाईप ओढताना ते विघटित होऊ नये म्हणून त्यात स्थिरक घालावा लागतो आणि वर्षानुवर्षं त्यासाठी शिशाचे स्वस्त क्षार वापरले गेले. हे शिसं थोडं थोडं पाण्यात उतरतं, रात्रभर पाईपमध्ये साचून राहिलेल्या पाण्यात जास्त. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक शिसं चालत नाही. पीव्हीसी पाईपमधल्या शिशाच्या स्थिरकांसाठी केंद्राने २०२१ मध्ये नियम केले. म्हणून दुकानात ‘लेड-फ्री’ आणि आयएसआय मार्क दोन्ही बघा: यूपीव्हीसीवर आयएस ४९८५, सीपीव्हीसीवर आयएस १५७७८. सांडपाण्याचा किंवा वायरिंगचा उरलेला पाईप पिण्याच्या लाइनला जोडणं हा शुद्ध अविचार.

चांगला पाईप जोडणीत वाया जातो. पाईप जोडायचं सोल्यूशन हा डिंक नव्हे. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं. यूपीव्हीसीचं सोल्यूशन सीपीव्हीसीला वापरू देऊ नका. गिझरला प्लास्टिक थेट न भिडवता मधे धातूचा तुकडा घाला. प्लास्टर करण्याआधी दाबाची चाचणी घ्यायला लावा. आणि सोल्यूशन पुरतं वाळल्यावर लाइन भरपूर पाण्याने धुऊन काढा. ते पहिलं पाणी पिऊ नका.