इंजिन उघडण्याआधी



बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याकडे जाणारा रस्ता ज्यांनी पाहिला असेल, त्यांना एक देखावा परिचयाचा असेल. चढणीच्या कडेला मालाने भरलेला ट्रक उभा आहे, पुढच्या जाळीतून वाफ निघते आहे आणि ड्रायव्हर पाण्याचा डबा घेऊन इंजिन निवण्याची वाट पाहतो आहे. गेल्या नाताळच्या सुट्टीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा ट्रक असाच अडला. हेडचे गास्केट जळाले होते. मिस्त्रीने ते बदलले. पण दोन महिन्यांत नवे गास्केटही जळाले. कर्जाचे हप्ते चालू आणि ट्रक गॅरेजात बंद! दुसऱ्या खेपेस उलगडा झाला, की मूळ दोष रेडिएटरचा होता; त्याच्या बऱ्याच नळ्या क्षाराने बुजल्या होत्या. मुलाने रीत न तपासता नुसते चुकलेले उत्तर खोडावे, तसाच हा प्रकार झाला. म्हणून मोठी दुरुस्ती काढण्यापूर्वी कोणती तयारी करावी, याचा आज विचार करू.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरातील हवा सुमारे सोळा ते अठरा पट दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. रुडॉल्फ डीझेल यांनी १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वी करून दाखविलेले तत्त्व ते हेच. इंधनाच्या उष्णतेपैकी एक तृतीयांशाहून थोडा अधिक भागच कामी येतो. बराचसा भाग धुरावाटे जातो आणि सुमारे पाव हिस्सा पाण्याला वाहून न्यावा लागतो. हे वाहणे मंदावले, की हेड वाकते, गास्केट जळते आणि पिस्टन लायनरला धरतो.

तेव्हा पाना हाती घेण्यापूर्वी वही हाती घ्यावी. इंजिन कधी तापते, चढणीवर की उभ्या उभ्या? पाणी किती दिवसांत कमी होते? तेल दुधाळ झाले आहे काय? तसे असल्यास तेलात पाणी शिरते आहे. थंड इंजिनाचे झाकण काढून ते सुरू केल्यावर रेडिएटरात सतत बुडबुडे येत असतील, तर जळलेला वायू गास्केटातून किंवा हेडच्या चिरेतून पाण्यात येत असण्याचा संभव मोठा. उत्तरे लिहून ठेवली, म्हणजे मिस्त्रीचे निम्मे काम सोपे होते.

एक इशारा मात्र प्राणाइतका महत्त्वाचा आहे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. बंद व्यवस्थेत दाब असतो. वातावरणाच्या दुप्पट दाबात पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते. झाकण उघडताच दाब सुटतो, त्या पाण्याची क्षणार्धात वाफ होते आणि तोंड व हात भाजून निघतात. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणीही ओतू नये. हेडला चीर जाते.

आता जागेची तयारी. जमीन सपाट व टणक असावी, चाकांना ओट लावावी, बॅटरीची तार सोडावी. उचललेल्या केबिनखाली तिचा आधार पक्का अडकवल्याशिवाय आणि साखळीला टांगलेल्या इंजिनाखाली मुळीच कोणी जाऊ नये. सुटे भाग ठेवण्यास स्वच्छ फळी आणि खुणांच्या चिठ्ठ्या असाव्यात. बेअरिंगच्या टोप्यांची अदलाबदल चालत नाही. प्रत्येक टोपी आपल्याच जागी, आपल्याच दिशेने बसली पाहिजे. हेडचा सपाटपणा सरळ पट्टीने तपासून घ्यावा. हेडचे बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या जोरानेच टॉर्क पान्याने आवळावेत.

इंजिन उघडले आहे तोच पाण्याच्या व्यवस्थेचीही दुरुस्ती करावी. रेडिएटर आतून उलट्या प्रवाहाने धुवावा आणि बाहेरच्या पात्यांतील धूळ काढावी. थर्मोस्टॅट गरम पाण्यात बुडवून, त्यावर छापलेल्या अंशांच्या सुमारास उघडतो की नाही ते पाहावे. वॉटर पंप, पट्टा, रबरी नळ्या आणि झाकण यांत कसर दिसली, तर ते बदलावे. गास्केट पुन्हा जळण्याच्या मानाने हा खर्च क्षुल्लक आहे.

शेवटी पाण्याविषयी. विहिरीच्या जड पाण्यातील क्षार भिंतींवर बसतात आणि तो थर उष्णता अडवतो. म्हणून कंपनीने सांगितलेले कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी यांचे ठरलेले मिश्रण वापरावे. आपल्याकडे पाणी गोठण्याचे भय नसले, तरी कूलंट गंज रोखते. शिवाय ज्या इंजिनांत लायनरला बाहेरून पाणी लागते, तेथे लायनरच्या कंपनाने सूक्ष्म बुडबुडे फुटून धातूला भोके पडतात. त्यालाही योग्य कूलंट आळा घालते. मात्र पुष्कळशा कूलंटात एथिलीन ग्लायकोल हा गोडसर विषारी पदार्थ असतो. काढलेले पाणी उघड्यावर किंवा गटारात सोडू नये. मुले व जनावरे यांच्यापासून दूर, झाकून ठेवावे.

माझ्या विद्यार्थ्याचा ट्रक आता घाट चढतो. त्याच्या केबिनमध्ये एक वही असते. तीत पाणी कधी बदलले, नळ्या कधी पाहिल्या, याची नोंद तो ठेवतो. शाळेतल्या वह्यांचा त्याला मोठा कंटाळा असे. ही वही मात्र तो मोठ्या अभिमानाने दाखवितो.