बेशुद्ध माणसाला ऐकू येतं का?



दोन महिन्यांपूर्वी सदरमधल्या आमच्या वस्तीतला एक पोरगा मोटरसायकलवरून पडला. हेल्मेट नव्हतं. डोक्याला मार लागला. पंधरा दिवस तो सरकारी दवाखान्यात डोळे मिटून पडून होता, घशात नळी, नाकात नळी. भेटीच्या वेळेत त्याची माय त्याच्या कानाशी बसून बोलत राहायची. घरी काय शिजलं, बहिणीच्या परीक्षेचं काय झालं, सगळं. एक दिवस तिने मला विचारलं, "सिस्टर, मी इतकी बोलते, पण याले ऐकू येते का वो? का मी येड्यावानी भिंतीशी बोलून राहिली?"

मी तिला म्हटलं, बोलत राहा. पण तिचा प्रश्न साधा नाही. समोरच्या शरीरात कोणी जागं आहे की नाही, हे बाहेरून ओळखायचं कसं? जगातले मोठे मेंदूतज्ज्ञ आणि तत्त्वज्ञ याच प्रश्नापाशी अडलेले आहेत. आणि अपघात, लकवा, मेंदूज्वर यांच्या पावलांनी हा प्रश्न आपल्या कोणत्याही घरात येऊ शकतो.

आधी माझी एक चूक सांगते. नर्सिंगचा डिप्लोमा करून मी नुकतीच एका खासगी दवाखान्यात लागले होते. रात्रपाळी होती. लकव्याची एक मावशी होती, बोलत नव्हती, हातपाय हलवत नव्हती. चादर बदलताना मी सोबतच्या सिस्टरला म्हटलं, "ही काही सोमवार पाहत नाही. बेड मोकळा होईल." तोंड पुसायला वळले, तर मावशीच्या डोळ्यातून पाणी कानापर्यंत गेलेलं. डोळे कोरडे पडू नयेत म्हणून आम्ही थेंब टाकायचो. ते पाणी थेंबांचं होतं, की तिने माझं बोलणं ऐकलं होतं? दोन दिवसांनी ती गेली. वीस वर्षांवर झाली, मला अजून उत्तर मिळालेलं नाही. त्या रात्रीनंतर मी कोणत्याही रुग्णाच्या उशाशी तसं बोलले नाही.

जागं असणं वेगळं, जाणीव असणं वेगळं

आपण 'शुद्धीवर आला' असं एकाच शब्दात म्हणतो. डॉक्टर त्यात दोन गोष्टी पाहतात. पहिली जाग. मेंदूच्या तळाशी, मानेच्या वर जो देठ असतो, तो माणसाला जागं ठेवतो. दुसरी जाणीव, म्हणजे आजूबाजूचं आणि स्वतःचं कळणं. त्यासाठी मेंदूचा वरचा भाग आणि त्याच्या आतल्या जोडण्या लागतात. एक शाबूत राहून दुसरी जाऊ शकते.

कोमात दोन्ही नसतात, डोळे मिटलेले असतात. कोमा सहसा काही आठवड्यांपेक्षा जास्त टिकत नाही. माणूस जातो, शुद्धीवर येतो, किंवा डोळे उघडतो पण ओळख दाखवत नाही. तो झोपतो, जागा होतो, जांभई देतो, पण हाक मारली तर प्रतिसाद नाही. या अवस्थेला १९७२ साली जेनेट आणि प्लम या दोन डॉक्टरांनी नाव दिलं, व्हेजिटेटिव्ह स्टेट. त्याच्या थोडी पुढची अवस्था म्हणजे किमान जाणीव. त्यात माणूस कधी नजर फिरवतो, कधी बोट हलवतो, कधी नाही.

मेंदूमृत्यू मात्र या सगळ्यांहून वेगळा. त्यात मेंदूचा देठही बंद पडलेला असतो, श्वास फक्त यंत्र देतं. चार डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करतं, मगच कायद्याने मृत्यू ठरतो. तिथून माणूस परत येत नाही. अवयवदानाचा विषय तिथे निघतो, कोमातल्या रुग्णाच्या बाबतीत नाही. आपल्याकडे या दोन गोष्टींची फार गल्लत होते, म्हणून लक्षात ठेवा.

अरुणा शानबाग यांचा बिछाना

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबाग यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २७ नोव्हेंबर १९७३ ला ड्युटी संपवून निघताना त्यांच्यावर रुग्णालयातच हल्ला झाला. गळा आवळला गेल्याने मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही. तेव्हा त्या पंचविशीत होत्या. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली ४१ वर्षं त्या एकाच अवस्थेत होत्या, आणि केईएमच्या नर्सेसनी, एका पिढीने दुसऱ्या पिढीकडे सोपवत, त्यांना सांभाळलं. इतकी वर्षं अंथरुणावर असून त्यांना बेडसोअर, म्हणजे पाठीला पडणारी जखम, होऊ दिली नाही. ज्याने घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळलं आहे, त्याला कळेल ही केवढी मोठी गोष्ट आहे.

त्यांचं खाणंपिणं बंद करून त्यांना जाऊ द्यावं, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने तीन डॉक्टरांची समिती नेमली. समितीने तपासून सांगितलं की व्हेजिटेटिव्ह अवस्थेचे बहुतेक निकष त्यांना लागू होतात. नर्सेस मात्र सांगत होत्या की तिला मासे आवडतात, खोलीत गर्दी झाली की ती अस्वस्थ होते, हळूच हात फिरवला की शांत होते. ७ मार्च २०११ ला न्यायालयाने याचिका फेटाळली, आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे असं मानलं.

मग खरं कोणाचं? अरुणाताईंचा हुंकार ही नुसती शरीराची सवय होती, की आत कोणाला तरी आवडनिवड कळत होती? एकच चेहरा दोघांनी पाहिला, आणि चेहऱ्याच्या आत कोणालाच पाहता आलं नाही.

मेंदूने दिलेलं उत्तर

२००६ साली एड्रियन ओवेन या शास्त्रज्ञाने इंग्लंडमध्ये एक प्रयोग केला. २३ वर्षांची एक तरुणी अपघातानंतर व्हेजिटेटिव्ह अवस्थेत होती. तिला एमआरआय यंत्रात ठेवून सांगितलं, तू टेनिस खेळते आहेस अशी कल्पना कर. मग सांगितलं, स्वतःच्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरते आहेस अशी कल्पना कर. तिचं बोटही हललं नाही. पण दोन्ही वेळा मेंदूचे वेगवेगळे भाग उजळले, निरोगी माणसाचे उजळतात तेच. ती ऐकत होती आणि सांगितलेलं करतही होती.

२०२४ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सांगितलेलं काहीच करू न शकणारे २४१ रुग्ण तपासले. त्यातल्या ६० जणांच्या, म्हणजे चारातल्या एकाच्या, मेंदूने सूचना पाळल्याची खूण दिली. उरलेल्या तिघांत जाणीव नव्हतीच, असंही म्हणता येत नाही. जे रुग्ण उघडपणे सूचना पाळत होते अशा ११२ जणांची तीच तपासणी केली, तेव्हा यंत्राला फक्त ४३ जणांत खूण सापडली. यंत्रही चुकतं.

ही तपासणी आपल्या वॉर्डात रोज होत नाही. पण साध्या तपासणीनेही फरक पडतो. २००९ च्या एका अभ्यासात डॉक्टरांनी व्हेजिटेटिव्ह ठरवलेल्या ४४ रुग्णांना पुन्हा ठरलेल्या पद्धतीने, चिकाटीने तपासलं, तेव्हा १८ जणांत जाणिवेच्या खुणा निघाल्या.

न सुटलेलं कोडं

मेंदूत सुमारे ८,६०० कोटी पेशी आहेत. त्यातल्या बहुतेक मागच्या बाजूच्या लहान मेंदूत आहेत. पण लहान मेंदूला इजा झाली तर चाल लडखडते, जाणीव जात नाही. म्हणजे नुसत्या पेशींच्या संख्येने जाणीव होत नाही. मग कशाने होते? पेशीपेशींतल्या विजेच्या हालचालीतून लेकराच्या हाकेचा गोडवा, दाताची कळ, निळा रंग हे 'वाटणं' कसं तयार होतं? डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाने याला अवघड प्रश्न म्हटलं. १९९८ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांनी त्यांच्याशी पैज लावली की २५ वर्षांत मेंदूतली जाणिवेची खूण सापडेल. २०२३ मध्ये कॉख यांनी हार मान्य केली.

इथे बुवा-बाबा पुढे येतात. विज्ञान अडलं, म्हणजे आत्मा आहे, बाहेरचं लागलं आहे, असं म्हणून अंगारा देतात, पैसे उकळतात. शास्त्रज्ञाला ठाऊक नाही, म्हणून बुवाला ठाऊक आहे असं होत नाही. रुग्णाला दवाखान्यात नेऊ न देणं, भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं, हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

तथागतांपुढेही हा प्रश्न आला होता. मज्झिम निकायात साती नावाच्या भिक्खूची कथा आहे. तो म्हणत होता की तेच एक विञ्ञाण, म्हणजे जाणीव, एका जन्मातून दुसऱ्यात फिरत राहतं. तथागतांनी त्याला सर्वांसमोर दुरुस्त केलं. जाणीव कारणांवाचून निर्माण होत नाही. लाकडावर पेटलेल्या आगीला लाकडाची आग म्हणतात, गवतावर पेटली तर गवताची. तसंच डोळ्यामुळे होणारी जाणीव वेगळी, कानामुळे होणारी वेगळी. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये आत्मा नाकारून, शरीर आणि जाणीव यांचं नातं समजवायला वीज आणि चुंबकक्षेत्राचा दाखला दिला. शरीराबरोबर ती असते, शरीरात येऊन बसलेला वेगळा कोणी नसतो.

नर्स म्हणून मला यातून कामाची गोष्ट दिसते. जाणीव म्हणजे फक्त चालू किंवा बंद असणारा दिवा नाही. डोळ्याची कारणं बंद पडली तरी कानाची चालू असू शकतात. सकाळी नसेल, दुपारी थोडी असेल. म्हणून एकदा पाहून निकाल देऊ नये.

घरच्यांनी काय करावं

१. उशाशी बोलताना रुग्ण ऐकतो आहे असं धरून बोला. नाव घेऊन हाक मारा, दिवस-वेळ सांगा, हात लावण्याआधी सांगा. खर्चाची, भांडणाची, 'वाचत नाही' अशी बोलणी खोलीबाहेर करा. डॉक्टर-सिस्टर करत असतील तर त्यांनाही नम्रपणे बाहेर चलायला सांगा.

२. डोळे उघडल्यावर चेहऱ्यासमोर छोटा आरसा धरा आणि सावकाश डावी-उजवीकडे न्या. स्वतःचा चेहरा दिसला की नजर मागे येण्याची शक्यता जास्त असते. दिवसातून वेगवेगळ्या वेळी करा.

३. लकव्याच्या काही रुग्णांचं सगळं शरीर थांबतं, पण डोळे वर-खाली होतात आणि आत पूर्ण शुद्ध असते. फ्रान्समधल्या ज्याँ-दोमिनिक बोबी या पत्रकाराने अशा अवस्थेत डाव्या पापणीच्या उघडझापेने एकेक अक्षर सांगून पुस्तक लिहवलं. म्हणून "हो असेल तर वर पाहा" असं जरूर विचारून बघा.

४. काही खूण दिसली तर वहीत तारीख, वेळ आणि काय सांगितल्यावर काय झालं ते लिहा. "मला वाटलं" यापेक्षा वही दाखवली की डॉक्टर लक्ष देतात.

५. चार्टवर जीसीएस हा आकडा असतो, ३ ते १५. तो किती आहे आणि वाढतो की घटतो, हे विचारणं तुमचा हक्क आहे.

६. दर दोन तासांनी कूस बदला. जाणीव परत येण्याची वाट पाहताना पाठीला जखम होऊ देऊ नका.

खोटी आशा मी कोणाला देत नाही. मेंदूची इजा मोठी असली तर अनेक जण परत येत नाहीत, आणि मायेने बोलल्याने पेशी जुळून येत नाहीत. पण बोलण्याला खर्च नाही आणि त्याने नुकसानही नाही. गप्प राहिलो आणि तो ऐकत असला, तर मात्र नुकसान आहे.

आमच्या वस्तीतला पोरगा आता घरी आहे. डोळे उघडतो. नजर अजून मागे येत नाही, पण परवा दोनदा आली असं मायने वहीत लिहिलं आहे, वेळेसकट. ती वही घेऊन आम्ही येत्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाणार आहोत. तुमच्याही घरी असा रुग्ण असेल तर डिस्चार्जचा कागद घेऊन रविवारी वंदनेनंतर विहारात भेटा.