चौघांचं जमलं, पाचवा रुसला

विमान, रॉकेट किंवा गाडीच्या ब्रेकमध्ये दडलेल्या संगणकाला ‘किती वाजले?’ विचारू नका. त्याला त्याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. शेजारच्या संगणकाचं आणि आपलं घड्याळ जुळतंय ना, एवढीच त्याची काळजी. अशा रिअल-टाइम यंत्रणेत बरोबर उत्तर उशिरा आलं, तर ते चुकीचंच धरतात.

मनगटी घड्याळातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. आकडा विचित्र वाटतो ना? पण पंधरा वेळा निम्मा करत गेलात की नेमका एक उरतो! स्फटिक कितीही गुणी असला तरी थोडा बहकतोच. दहा लाखांत वीस भागांची चूक म्हणजे दिवसाला जवळपास पावणेदोन सेकंद. दोन संगणकांचे असे स्फटिक उलट दिशांना बहकले, तर दर सेकंदाला चाळीस मायक्रोसेकंदांचं अंतर पडतं. म्हणून घड्याळं एकदा जुळवून भागत नाही, सारखी जुळवावी लागतात.

पुढे गेलेलं घड्याळ सरळ मागे का फिरवत नाहीत? कारण मग नंतर घडलेल्या गोष्टीवर आधीची वेळ पडेल, आणि सगळा हिशोब बोंबलेल. त्यापेक्षा घड्याळाची चालच किंचित मंद करतात. नेटवर्क टाइम प्रोटोकॉलच्या नेहमीच्या पद्धतीत एका सेकंदाची चूक अशी हळूहळू जिरवायला २,००० सेकंद, म्हणजे तेहतीस मिनिटं लागतात. जगाच्या अधिकृत वेळेत अधूनमधून घालाव्या लागणाऱ्या लीप सेकंदाच्या वेळी मात्र अख्खा सेकंद मध्येच घुसतो. आपल्याकडे तो पहाटे येतो: ५ वाजून २९ मिनिटं ६० सेकंद! १ जुलै २०१२ ला या पाहुण्याने जगभरातले कितीतरी लिनक्स सर्व्हर लटकवले होते.

आता सगळ्यात झकास किस्सा. १० एप्रिल १९८१, फ्लोरिडा. कोलंबिया या अवकाश शटलचं पहिलंवहिलं उड्डाण, अंतराळवीर जॉन यंग आणि रॉबर्ट क्रिपेन पट्टे बांधून तयार. शटलमध्ये एकाच जातीचे पाच संगणक. चौघांत एकच सॉफ्टवेअर, चौघं सतत एकमेकांशी ताळमेळ राखणारे. पाचव्यात दुसऱ्या कंपनीने लिहिलेलं राखीव सॉफ्टवेअर. चौघं एकदम फसले तर सावरायला. उड्डाणाला वीस मिनिटं उरली आणि पाचवा काही केल्या चौघांशी जुळेना.

खोट निघाली चौघांत! संगणक सुरू होताना वेळेचा हिशोब चुकला होता आणि त्यांची काही कामं एक फेरा, म्हणजे ४० मिलीसेकंद, आधीच होत होती. भजनात सगळ्यांचे टाळ एक मात्रा आधी पडले, तर टाळकऱ्यांना काय कळणार? चौघांचं आपापसात पक्कं एकमत होतं. पाचवा मात्र शिस्तीचा. अवेळी आलेली माहिती त्याने गोंगाट समजून सोडून दिली. मागे एका किरकोळ बदलाने ही खोट आत शिरली होती आणि संगणक सुरू करताना ती उपटण्याची शक्यता होती ६७ मध्ये एक. म्हणूनच चाचण्यांना ती गुंगारा देत राहिली. इलाज? तुमच्या-आमच्या घरातलाच: बंद करून पुन्हा चालू. १२ एप्रिलला कोलंबिया उडालं.

बोइंगच्या स्टारलायनर अवकाशयानाने २० डिसेंबर २०१९ ला रॉकेटकडून वेळ उचलली, पण भलत्याच क्षणी. घड्याळ चुकलं अकरा तासांनी! इंधन उधळलं गेलं आणि अवकाश स्थानकाला न भेटताच यान परतलं.

घड्याळांच्या घोळक्यात एखादं लबाड निघालं, याला एक वेळ आणि त्याला दुसरीच सांगू लागलं तर? निरोपांवर सहीशिक्का नसेल तर तीन घड्याळं पुरत नाहीत, चार लागतात. दोन लबाडांना सात. हे गणित १९८० च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट आणि इतरांनी सोडवलं.

घड्याळं जुळवणाऱ्या प्रिसिजन टाइम प्रोटोकॉलची युक्तीही बघा. निरोप जातो, उलटा येतो, निघाल्या-पोहोचल्याच्या चार वेळा टिपल्या जातात आणि वाटेत गेलेला वेळ वजा होतो. वेळेचा शिक्का नेटवर्कची चिपच मारते. सॉफ्टवेअरवर सोपवलं तर ते हातातलं काम उरकून मग मारायचं. गृहीत एकच, जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो. येताना शंभर नॅनोसेकंद जास्त लागले की पन्नासची चूक गुपचूप ठाण मांडते.

टिकटिकीच्या मोजणीचा आकडाही कधीतरी भरतो आणि मोजणी उलटते. बोइंग ७८७ ची वीज सलग २४८ दिवस चालू ठेवली, तर जनरेटरचे नियंत्रक एकदम बंद पडू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या विमान नियामकांनी २०१५ मध्ये दिला. लिनक्सवाले इथे जास्त बेरकी. त्यांची टिकटिक शून्यापासून सुरू होतच नाही. मोजणी उलटायला पाच मिनिटं उरलेली असतात तिथून होते. कोणाच्या कोडमध्ये घोळ असलाच, तर चहा निवायच्या आत तो त्याच्याच टेबलावर फुटतो.