व्ह्यूस्टेट

व्ह्यूस्टेट ही मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट या तंत्रज्ञानातील वेब फॉर्म्स पद्धतीत, पानावरील कंट्रोल्सच्या गुणधर्मांची मूल्ये एका विनंतीपासून पुढील विनंतीपर्यंत टिकवून ठेवणारी व्यवस्था आहे. डॉट नेट फ्रेमवर्कच्या पहिल्या आवृत्तीबरोबर २००२ साली ती वापरात आली.

पार्श्वभूमी

एचटीटीपी ही देवाणघेवाणीची पद्धत मुळातच स्मृतिहीन आहे. ब्राउझरने पान मागितले की सर्व्हर त्या पानाचे व त्यावरील प्रत्येक कंट्रोलचे ऑब्जेक्ट नव्याने घडवतो, तयार झालेले एचटीएमएल पाठवून देतो आणि ते ऑब्जेक्ट टाकून देतो. वापरकर्त्याने त्याच पानावरील बटण दाबले, तरी उत्तर देणारे ऑब्जेक्ट आधीचे नसते. ज्या कचेरीत खिडकीवर दर वेळी नवा कारकून बसतो, तेथे आधीच्या कारकुनाला ठाऊक असलेली गोष्ट अर्जदाराच्या कागदावरच लिहून द्यावी लागेल. व्ह्यूस्टेट म्हणजे असा कागद होय.

कार्यपद्धती

पान पाठवण्यापूर्वी सर्व कंट्रोल्सची नोंदलेली मूल्ये एकत्र करून बेस ६४ या संकेतनात रूपांतरित केली जातात व फॉर्ममधील एका अदृश्य रकान्यात ठेवली जातात. फॉर्म परत आला की सर्व्हर तो मजकूर उलगडून ज्याचे मूल्य त्याला देतो.

मात्र सारीच मूल्ये नोंदली जात नाहीत. कंट्रोलचा प्रारंभ-टप्पा संपल्यावर बदलांवर लक्ष ठेवणे सुरू होते आणि त्यानंतर दिलेली मूल्येच साठवली जातात. पानाच्या मूळ मांडणीत लिहिलेली मूल्ये पुढील विनंतीच्या वेळी आपोआप पुन्हा मिळणार असल्याने ती वाहून नेण्याचे कारण नसते.

येथे एक गैरसमज सर्रास आढळतो. मजकूरपेटीत वापरकर्त्याने टंकलेला मजकूर व्ह्यूस्टेटमुळे टिकतो, असे मानले जाते. प्रत्यक्षात तो फॉर्मच्या माहितीसोबतच सर्व्हरकडे येतो. म्हणूनच व्ह्यूस्टेट बंद केले तरी तो नाहीसा होत नाही. पेटीचा रंग कार्यक्रमातून बदलला असेल, तर तो मात्र नाहीसा होतो.

स्वतः लिहिलेल्या कंट्रोलमधील वापर

ही व्यवस्था तयार कंट्रोल्समध्ये आधीच गुंफलेली असते. स्वतः कंट्रोल लिहिणाऱ्याला ती जाणीवपूर्वक वापरावी लागते, आणि नवशिक्यांची चूक बहुधा येथेच होते. समजा, निकालाची यादी पानापानाने दाखवणारे एक कंट्रोल आहे व त्याला ‘पानक्रमांक’ हा गुणधर्म आहे. त्याचे मूल्य वर्गातील साध्या खासगी चलात ठेवले, तर पहिल्या पानावरून दुसऱ्या पानावर जाता येते. परंतु ‘पुढे’ पुन्हा दाबल्यास तिसरे पान येत नाही, दुसरेच येते. दर वेळी गणना एकपासूनच सुरू होते. कोणतीही त्रुटी दर्शवली जात नसल्यामुळे दोष शोधणे कठीण जाते.

उपाय सोपा आहे. गुणधर्माचे मूल्य चलात न ठेवता व्ह्यूस्टेट या संग्रहात, एका नावाखाली, ठेवावे व वाचतानाही तेथूनच वाचावे. त्या नावाखाली अद्याप काहीच नसेल, तर वाचणाऱ्या भागाने ठरावीक आरंभमूल्य, येथे एक, परत द्यावे. ही तपासणी वगळल्यास पहिल्याच भेटीत पान कोसळते. पूर्णांक व मजकूर सहज साठवता येतात. स्वतः रचलेल्या वर्गाचे ऑब्जेक्ट ठेवायचे असल्यास तो वर्ग क्रमिकीकरणास योग्य असल्याचे घोषित करावे लागते. कार्यक्रमातून जोडलेली कंट्रोल्स प्रत्येक विनंतीत त्याच क्रमाने पुन्हा जोडणेही आवश्यक असते, कारण मूल्यांची जुळणी सामान्यतः क्रमानुसार होते.

कंट्रोलस्टेट

व्ह्यूस्टेटचा भार दुहेरी असतो: तो पानासोबत जातो आणि फॉर्मसोबत परतही येतो. बेस ६४ मुळे मजकूर सुमारे एकतृतीयांशाने फुगतो, तो वेगळाच. त्यामुळे अनेक जण व्ह्यूस्टेट बंद ठेवतात आणि ‘पानक्रमांक’ पुन्हा हरवतो. यासाठी २००५ मधील एएसपी डॉट नेट २.० मध्ये कंट्रोलस्टेट ही स्वतंत्र सोय आली. ती पानाच्या लेखकाला बंद करता येत नाही. कंट्रोलने प्रारंभ-टप्प्यातच आपली नोंदणी करावी लागते आणि साठवण्याची व परत घेण्याची पद्धत स्वतः लिहावी लागते. साठवताना मूळ वर्गाची स्थितीही सोबत जोडणे विसरू नये. ज्या मूल्याविना कंट्रोल निरुपयोगी ठरते, तेवढेच येथे ठेवणे उचित. ग्रिडव्ह्यू हे प्रचलित कंट्रोल आपला पानक्रमांक असाच जपते.

सुरक्षितता

बेस ६४ हे गुप्तलेखन नव्हे. ते कोणालाही उलगडता येते. म्हणून परवलीचा शब्द यात कधीही ठेवू नये. मजकुरात फेरफार झाल्यास तो ओळखता यावा, यासाठी सर्व्हर आपल्या गुप्त किल्लीने त्यावर पडताळणी-खूण उमटवतो. ही पडताळणी पूर्वी बंद करता येत असे. २०१४ मधील डॉट नेट फ्रेमवर्क ४.५.२ पासून ती सक्तीची झाली. किल्ली परक्याच्या हाती लागल्यास मात्र तो बनावट व्ह्यूस्टेट पाठवून सर्व्हरवर स्वतःच्या आज्ञा चालवू शकतो. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरच्या सर्व प्रतींत एकच किल्ली असल्याचे उघड झाले, तेव्हा फेब्रुवारी २०२० मध्ये दुरुस्ती द्यावी लागली.