पाठीराख्यांच्या हिशेबात अडकलेला गोवा

लढाई थांबूनही प्रदेशावरील सार्वभौमत्वाचा वाद वर्षानुवर्षे सुटत नाही, तेव्हा त्याला गोठलेला संघर्ष म्हणतात, आणि तेथील सत्तेला सैन्य, पैसा किंवा राजनैतिक आधार पुरवून तगवणारे बलाढ्य राष्ट्र हे तिचे पाठीराखे असते. १९९२ च्या युद्धानंतर मोल्दोव्हापासून अलग राहिलेल्या ट्रान्सनिस्ट्रियात रशियाचे सैन्य आहे, तर १९८३ मध्ये स्वतंत्र प्रजासत्ताक म्हणवून घेणाऱ्या उत्तर सायप्रसला एकट्या तुर्कस्तानची मान्यता आहे. पोर्तुगालच्या ताब्यातील गोव्याचा प्रश्न फुटीरतेचा नसून वसाहतमुक्तीचा होता. तरीही पाठीराख्यांच्या पाठिंब्याचे बळ आणि त्याची मर्यादा १९४७ ते १९६१ या काळात तेथे स्पष्ट दिसते.

पोर्तुगालमधील सालाझार यांच्या राजवटीने १९५१ मध्ये वसाहतींना ‘सागरापलीकडील प्रांत’ ठरवल्यामुळे गोवा हा पोर्तुगालचाच, पर्यायाने नाटो या लष्करी संघटनेतील सदस्यराष्ट्राचा भाग आहे, असा दावा करता येऊ लागला. नाटो तहाच्या सहाव्या कलमानुसार संरक्षणाची हमी मुख्यतः युरोप, उत्तर अमेरिका व उत्तर अटलांटिक महासागराच्या परिसरापुरती असल्याने गोवा तिच्या कक्षेत येत नव्हता. मात्र पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरील हवाई तळाची गरज असलेल्या अमेरिकेला पोर्तुगालला दुखवणेही परवडणारे नव्हते. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्हा यांच्यासह काढलेल्या निवेदनात ‘पोर्तुगीज प्रांत’ असा उल्लेख आला आणि भारतात संताप उसळला. त्याच सुमारास भारतभेटीवर आलेल्या ख्रुश्चेव्ह व बुल्गानिन या सोव्हिएत नेत्यांनी भारताची बाजू उघडपणे उचलून धरली.

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले, तेव्हा पोर्तुगालचा जुना मित्र ब्रिटन राष्ट्रकुलातील भारताविरुद्ध शस्त्र उचलण्यास तयार झाला नाही. सुरक्षा परिषदेत युद्धबंदी व सैन्यमाघारीची मागणी करणाऱ्या पाश्चात्त्य ठरावाला अकरापैकी सात मते मिळाली, परंतु सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरल्याने तो फेटाळला गेला.

पाश्चात्त्य राष्ट्रांचा पाठिंबा सालाझार यांना वाटाघाटी टाळण्याइतका पुरला, गोवा राखण्याइतका पुरला नाही. २०२३ मध्ये रशियाचे शांतिसैनिक हजर असूनही अझरबैजानने नागोर्नो-काराबाख ताब्यात घेतला, तेव्हाही तेथील आर्मेनियन सत्तेला हाच अनुभव आला. म्हणूनच अशा संघर्षाचा निकाल अजमावताना पाठीराखे राष्ट्र काय बोलते यापेक्षा त्या प्रदेशासाठी ते किती किंमत मोजेल, हे पाहणे अधिक उपयोगी ठरते.