शिवाराखालची तेलवाहिनी : नियम कोणाचे, पहारा कोणाचा?

पाइपलाइन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विहिरीवरून वरच्या रानात पाणी नेणारी पाइपलाइन येते. सोसायटीचे कर्ज काढून, चर खणून ती आपणच पुरलेली असते. ती फुटली तर फार तर एखादा वाफा वाहून जातो, दोन दिवस पाणी बंद राहते. परंतु आपल्या राज्यातील कितीतरी शिवारांखालून दुसऱ्याच प्रकारची पाइपलाइन गेलेली आहे. ती पोलादाची असते आणि तिच्यातून मोठ्या दाबाने पेट्रोल-डिझेल वाहत असते. मुंबईहून पुणे आणि पुढे सोलापूरकडे गेलेली हिंदुस्थान पेट्रोलियमची वाहिनी आहे. मुंबईहून मनमाडला येऊन पुढे मध्य प्रदेश, हरियाणा व दिल्लीपर्यंत गेलेली भारत पेट्रोलियमची वाहिनी आहे. या वाहिन्या रस्त्याच्या कडेने नव्हे, तर शेतकऱ्यांच्या रानातून गेल्या आहेत.

वरून पाहाल तर काहीच दिसत नाही. ज्वारी डोलत असते, कांद्याची लागण चाललेली असते. दिसतात ते बांधावर ठरावीक अंतराने उभे केलेले खांब आणि पाट्या. कोणी त्यांना बैल बांधतो, कोणी त्यावर धुणे वाळत घालतो. पाटीवर काय लिहिले आहे हे मात्र फार थोड्यांनी वाचलेले असते. म्हणून शेतकरी बंधुभगिनींनो, या खांबाखाली काय आहे, त्याचे नियम कोणते आणि ते पाळले जातात की नाही हे कोण पाहतो, याची माहिती आज करून घेऊ.

जमीन तुमची, वापराचा हक्क सरकारचा

तेलवाहिनीसाठी सरकार तुमची जमीन विकत घेत नाही. १९६२ सालच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे सरकार फक्त जमिनीखालून वाहिनी नेण्यापुरता ‘वापराचा हक्क’ घेते. मालकी तुमचीच राहते आणि पूर्वी जे पीक घेत होता ते पुढेही घेता येते.

आधी राजपत्रात अधिसूचना निघते. तीत गट नंबर आणि किती क्षेत्र जाणार हे दिलेले असते. हरकत घ्यायची असेल तर अधिसूचनेपासून २१ दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी द्यावी लागते. हे दिवस बोलण्यात घालवू नका. या वापरहक्काबद्दल जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के रक्कम मिळते. उभे पीक, झाडे वा इतर मालमत्तेचे नुकसान झाले तर त्याची भरपाई वेगळी. रक्कम मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते. एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. वाहिनी टाकून झाल्यावर, पुढे दहा वर्षांनी दुरुस्तीसाठी कंपनीने तुमचे रान उकरले आणि पीक तुडवले, तरीही भरपाईचा हक्क कायम असतो.

कंपनीवरही बंधने आहेत. अधिसूचनेपूर्वी राहत्या घरासाठी वापरात असलेल्या जमिनीखालून, कायमच्या बांधकामाखालून किंवा घराला लागून असलेल्या आवारातून वाहिनी नेता येत नाही. ती जमिनीच्या पृष्ठभागापासून किमान १ मीटर खोल असली पाहिजे.

आता आपल्यावरची बंधने. हक्क घेतलेल्या पट्ट्यात घर, गोठा किंवा दुसरे कसलेही बांधकाम करता येत नाही. विहीर, तळे वा बंधारा करता येत नाही. शेततळेही त्यातच आले. झाड लावता येत नाही, कारण मुळे नळीभोवतीच्या आवरणाला इजा करतात. वाहिनीला अपाय होईल असे कोणतेही काम चालत नाही. तेव्हा शेत विकत घेताना सातबाऱ्याचा ‘इतर अधिकार’ हा रकाना नीट वाचा आणि बांधावर खांब आहेत का ते स्वतः फिरून पाहा. नाहीतर आंब्याची कलमे लावल्यावर कायदा कळायचा.

तपासणी कोण करतो?

पोलाद मातीत गंजते. म्हणून नळीवर आवरण चढवतात आणि सौम्य वीजप्रवाह देऊन गंज रोखतात. आतून तपासण्यासाठी एक यंत्र तेलाबरोबर नळीतून सोडतात. त्याला या धंद्यात ‘पिग’ म्हणजे डुक्कर असेच नाव आहे. ते जाता जाता नळीची जाडी मोजते आणि कुठे खड्डा, चीर किंवा गंज आहे याची नोंद करते. वरून पायी फिरणारे पहारेकरी असतात. त्यांत पुष्कळदा आसपासच्या गावातलीच मुले नोकरीला असतात.

हे सारे कंपनीने करायचे. ते झाले की नाही हे सरकारी यंत्रणांनी पाहायचे. तेल उद्योग सुरक्षा संचालनालय १९८६ साली स्थापन झाले. ते सुरक्षिततेची मानके ठरवते आणि त्याप्रमाणे तपासण्या करते. २००६ च्या कायद्याने पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ आले. वाहिनीची रचना, देखभाल, तपासणी आणि आपत्तीच्या वेळची तयारी यांचे नियम हे मंडळ करते. मंडळाचे आदेश मोडणाऱ्याला प्रत्येक वेळी १ कोटी रुपयांपर्यंत दंड करता येतो. चूक चालूच राहिली तर रोज १० लाख रुपयांपर्यंत आणखी दंड होऊ शकतो. वाहिनीला छिद्र पाडून तेल चोरणाऱ्याला मात्र दंडावर सुटका नाही. २०११ च्या दुरुस्तीने त्याला किमान ३ आणि कमाल १० वर्षे सक्तमजुरी ठेवली आहे. गावातले पोर चार पैशांच्या लोभाने अशा टोळीला वाट दाखवत असेल, तर त्याला वेळीच घरात बसवा. त्यात तुरुंग आहेच, पण त्याआधी आग आहे.

नियम होते, तरी आग लागली

नियम असूनही ते नीट पाळून घेतले नाहीत तर काय होते? यासाठी थोडे अमेरिकेकडे पाहू. तिथे अशा वाहिन्या फार आहेत, पुष्कळ जुन्या आहेत, आणि मोठ्या अपघातांची चौकशी सविस्तर छापली जाते. धोकादायक द्रवांच्या वाहिन्यांसाठी तिथे १९७९ सालापासून स्वतंत्र कायदा आहे.

वॉशिंग्टन राज्यात बेलिंगहॅम नावाचे गाव आहे. तिथे १९९४ साली पाणीशुद्धीकरणाच्या कामासाठी खोदाई चालली असता पेट्रोलच्या वाहिनीला यंत्राचा धक्का लागला. ती इजा तशीच मातीखाली राहिली. १९९६ व १९९७ च्या आतून केलेल्या तपासणीत त्या जागी काही दोष दिसला, पण खणून कोणी पाहिले नाही. १० जून १९९९ रोजी दाब वाढला आणि नळी त्याच जागी फाटली. सुमारे ९ लाख लिटर पेट्रोल ओढ्यात उतरले आणि पेटले. ओढ्याकाठी खेळणारी १० वर्षांची दोन मुले आणि मासे धरायला गेलेला १८ वर्षांचा एक तरुण प्राणास मुकले. पाच वर्षे झाकून राहिलेल्या एका जखमेची ही किंमत. पुढे कंपनीवर आणि तिच्या अधिकाऱ्यांवर फौजदारी खटले झाले, काहींना तुरुंगवास घडला आणि २००२ साली कायदा कडक करण्यात आला.

तेवढ्याने सारे सुधारले असे नाही. २०१० च्या जुलैमध्ये मिशिगन राज्यातील मार्शल गावाजवळ कच्च्या तेलाची वाहिनी फाटली. त्या जागच्या चिरा २००५ च्या तपासणीतच दिसल्या होत्या. संध्याकाळी वाहिनी फुटली आणि रात्री वास आल्याने लोकांनी फोन केले. तरी दूर कॅनडात बसलेल्या नियंत्रकांना फुटल्याचा उलगडा होईना. त्यांनी मध्येच दोनदा पुन्हा तेल सोडले. सुमारे १७ तासांनी, बाहेरच्या माणसाने कळवल्यावर, गळती झाली हे त्यांना पटले. तोवर सुमारे ३२ लाख लिटर तेल वाहून ओढ्यात आणि कालामाझू नदीत गेले होते. याचेच नाव आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. २०१२ साली सरकारी खात्याने कंपनीला ३७ लाख डॉलर दंड केला. पण चौकशी मंडळाने नुसत्या कंपनीलाच दोष दिला नाही. सरकारचे नियम ढिले होते आणि देखरेखही कमी पडली, हेही स्पष्ट सांगितले.

तिसरी हकीकत तर आपल्यासारख्याच शेतकऱ्याची. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये नॉर्थ डाकोटा राज्यातील टायोगा गावाजवळ एक जण गव्हाची काढणी करीत होता. मळणीयंत्राची चाके तेलाने माखलेली त्याने पाहिली. कंपनीच्या यंत्रांना पत्ता नव्हता, तो त्याला लागला. नळीला पडलेले भोक हरभऱ्याच्या दाण्याएवढे, पण त्यातून सुमारे ३३ लाख लिटर तेल जमिनीत मुरले होते. खोलवरची माती काढून ती स्वच्छ करण्यात पाच वर्षांच्या आसपास काळ गेला. काळ्या आईचा एक तुकडा तेवढे दिवस पिकाला मुकला.

आपला पहारा कसा असावा?

या तिन्ही हकीकतींतून आपण घ्यायचे ते हे : नियम करणारे दिल्लीत असतात, तपासणारे वर्षातून कधीतरी येतात, पण शेतात रोज जाणारे तुम्हीच. म्हणून पुढील गोष्टी घरातल्या सर्वांना, गड्यांना आणि वाटेकऱ्यांनाही सांगून ठेवा.

नांगरट, कुळवणी, पेरणी बिनधास्त करा. परंतु सपाटीकरण, चारी, बोअर किंवा मुरमाची उचल करायची असेल तर जेसीबी बोलावण्याआधी पाटीवरच्या नंबरला फोन करा. पट्ट्यावरची माती काढून नेऊ नका; तिच्यामुळेच नळी खोल राहते. पावसाने माती वाहून नळी उघडी पडलेली दिसली तर लगेच कळवा.

यंत्राचा दात चुकून नळीला लागलाच तर भीतीने माती लोटून झाकू नका. वरून नुसता ओरखडा दिसला तरी कळवा. खटल्याच्या भीतीपेक्षा पाच वर्षांनी तिथे खेळणारी आपलीच पोरे मोठी.

पिकाचा एखादाच पट्टा विनाकारण पिवळा पडला, ओढ्याच्या पाण्यावर तेलाचा तवंग आला, मातीतून सूं सूं आवाज आला किंवा रॉकेल-पेट्रोलचा वास आला, तर तिथे थांबू नका. विडी पेटवू नका, मोटारीचे बटण दाबू नका, ट्रॅक्टर चालू करू नका. गुरे सोडा आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला दूर जा. फोनही लांब गेल्यावरच लावा. आधी पाटीवरच्या नंबरला आणि मग ११२ ला कळवा. सांडलेले तेल भरून घ्यायला कॅन घेऊन जाणे म्हणजे मरणाला आमंत्रण.

आणि कळवूनही कोणी आले नाही तर? तोंडी तक्रारीवर विसंबू नका. तारीख, वेळ, गट नंबर आणि खांबावरचा क्रमांक लिहून कंपनीला व तहसीलदारांना अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. पोच असली की पुढे नियामक मंडळापर्यंत जाता येते. ग्रामसभेत एकदा कंपनीच्या माणसांना बोलावून विचारा : आमच्या शिवारात वाहिनी नेमकी कुठून जाते? मागची तपासणी कधी झाली? काही झाले तर तुमची माणसे किती वेळात पोचतील? हे विचारणे म्हणजे भांडण नव्हे. ज्याच्या रानाखालून आग वाहते त्याचा तो हक्कच आहे.

आज संध्याकाळी रानातून परतताना एवढे करा. बांधावरच्या खांबाजवळ थांबा, पाटी पुसा आणि तिच्यावरचा नंबर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वहीत उतरवून घ्या. मग तो दारामागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, म्हणजे तुम्ही घरी नसलात तरी घरातल्या कोणालाही फोन करता येईल.