भिशीत संपलेला केक दुकानात का पडून राहतो?

कोर्सच्या शेवटच्या दिवशी मला हमखास एक प्रश्न येतो. "मॅडम, घरी सगळ्यांना आवडतंय. आता ओव्हन घेऊ का?" मागच्या वर्षी शिक्रापूरजवळच्या एका गावातल्या ताईंनी हाच प्रश्न विचारला, पण त्यांच्या हातात कोटेशन होतं. ओव्हन, प्लॅनेटरी मिक्सर, ट्रे, रॅक, सगळं मिळून 1 लाख 85 हजार. पैसे कुठून, तर सोनं ठेवून. कारण काय, तर त्यांच्या 20 जणींच्या भिशीत चॉकलेट-नारळाचा केक दहा मिनिटांत संपला.

केक खरंच चांगला होता, मी खाल्लाय. पण भिशीत केक संपणं ही एक गोष्ट आणि दुकानात विकला जाणं ही दुसरी. भिशीत तो फुकट होता, ताजा होता आणि करणारी बाई समोर उभी होती. तोंडावर कोण म्हणणार, की साखर जास्त झालीय?

मी त्यांना एवढंच म्हटलं, की सोनं आधी घरात ठेवा, नोंदणी करून घ्या आणि माझ्या काउंटरवर 30 पाकिटं ठेवा. त्यांच्याकडे साधा घरगुती ओटीजी होता, तेवढा पुरे. 200 ग्रॅमचं पाकीट, किंमत 120 रुपये. आठवडा संपला तेव्हा विकली गेलेली पाकिटं 9. त्यातली 4 भिशीतल्याच मैत्रिणींनी नेलेली. पाचव्या दिवशी उरलेला केक कडेने कोरडा पडायला लागला आणि मीच तो काउंटरवरून काढला.

त्या खूप नाराज झाल्या. मला म्हणाल्या, "म्हणजे माझा केक वाईट आहे का?" तसं नव्हतं. माझं दुकान चाकण रोडला आहे. माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक म्हणजे सणसवाडी, रांजणगावच्या कंपन्यांत काम करणारी पोरं, नगर रोडने जाणारे प्रवासी आणि संध्याकाळी भाजीला आलेल्या बाया. यांना एकतर आत्ता खायला पॅटिस, क्रीमरोल हवा असतो, नाहीतर घरी न्यायला टिकाऊ काहीतरी. पगार झाला की पोरं गावी जाताना खारी, टोस्ट, नानकटाई नेतात. चार दिवस टिकणारा ओलसर केक या दोन्हींत बसत नाही. चव पास झाली होती, जागा चुकली होती.

घरच्या कार्यक्रमाचा उपयोग नेमका कशासाठी

याचा अर्थ हळदीकुंकू, डोहाळेजेवण, वाढदिवस, भिशी यांत नवीन रेसिपी करून बघू नका असा नाही. उलट तिथेच करा, कारण खाणारी माणसं एका जागी मिळतात आणि माल वाया जात नाही. फक्त "कसं झालंय?" हा प्रश्न विचारू नका. त्याला उत्तर एकच, "मस्त!"

त्यापेक्षा दोन ताटं ठेवा. एकात जुनी रेसिपी, दुसऱ्यात नवीन, आणि कोणती कुठली ते सांगू नका. दोन्हींत फरक एकाच गोष्टीचा ठेवा. साखर कमी केली तर फक्त साखर कमी करा, त्याच वेळी तूप बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणारच नाही. मग बाजूला राहून बघा. कुठलं ताट आधी रिकामं होतंय, दुसरा तुकडा कोण उचलतंय, अर्धा खाऊन कागदी प्लेटमध्ये कोण ठेवतंय. कार्यक्रम झाल्यावर प्लेटा टाकायच्या आधी त्यात काय उरलंय ते पाहा. मी हे करते तेव्हा माझ्या सासूबाई हसतात, पण त्या उष्ट्या प्लेटांनी मला कुठल्याही पाहुण्यापेक्षा जास्त खरं सांगितलंय.

आणि एक खूण लक्षात ठेवा. "रेसिपी दे ना" म्हणणारी बाई तुमचं गिऱ्हाईक नाही, ती घरी करणार आहे. "अर्धा किलो कितीला देशील?" असं विचारते ती गिऱ्हाईक.

तारीख पण बघून ठरवा. आमच्याकडे रांजणगावचा गणपती जवळ, चतुर्थीचे उपवास भरपूर. श्रावणात अंड्याचा केक नेलात तर निम्म्या लोकांनी हातच लावला नाही, हा निकाल रेसिपीचा नाही, कॅलेंडरचा आहे.

माझी स्वतःची फजिती सांगते. मावसबहिणीच्या डोहाळेजेवणाला मी अर्ध्या किलोच्या केकचं माप सरळ दहाने गुणलं आणि एकाच खोल भांड्यात 5 किलोचा केक लावला. वरून छान तांबूस, मध्ये सुरी घातली तर पिठलं. बायका ओटी भरायला बसलेल्या आणि मी स्वयंपाकघरात केकच्या कडा कापून ताटात मांडतेय. झालं काय होतं? मिश्रणाचा थर जाड झाला की उष्णता मध्यापर्यंत पोचायला जास्त वेळ लागतो. तोपर्यंत कडा करपतात. माप दहापट करता येतं, पण भाजायचं भांडं तेवढंच उथळ ठेवून संख्या वाढवायची असते. तेव्हापासून कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी पूर्ण मापाचा एक घाणा मी काढतेच. आणि वाटी-चमचा बंद, वजनकाटा सुरू. दाबून भरलेल्या वाटीत आणि अलगद भरलेल्या वाटीत मैद्याचा 20-30 ग्रॅमचा फरक सहज पडतो.

एका दिवसाची ट्रिप

केक पडला, मग पुढे काय? मी त्यांना म्हटलं, चला, एक दिवस कॅम्पात जाऊन येऊ. शिक्रापूरहून पुणे 40 किलोमीटरच्या आसपास, वाघोलीच्या ट्रॅफिकवर नवस बोलून निघायचं.

ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी तुम्हाला माहीत असेलच. इराणी कुटुंबाने 1955 मध्ये सुरू केलेली. दुपारी बंद असते, त्यामुळे सकाळीच पोचा. तिथल्या श्रूजबेरी बिस्किटांचं नाव इंग्लंडमधल्या गावाचं, पण आज ती पुण्याची भेट म्हणून ओळखली जातात. आपल्याला तिथून रेसिपी आणायची नाही, काउंटर वाचून यायचंय. रांगेतली माणसं काय घेतात? बरेच जण आपल्यासाठी एक आणि कुणाला तरी द्यायला दोन-तीन बॉक्स घेतात. बिस्कीट प्रवासात टिकतं, बॉक्स बॅगेत बसतो, आणि मागायला नाव सोपं आहे. मावा केक घेणारेही आहेत, पण गावाला नेण्यासाठी हात जातो तो बिस्किटांकडे.

ताई अर्धा तास गप्प उभ्या होत्या. परत येताना कोरेगाव भीमाच्या आसपास म्हणाल्या, "मॅडम, आपल्याकडून कोणी काय भेट नेतं हो?" मला उत्तर सुचलं नाही. शिरूरची बाजरी प्रसिद्ध, हिवाळ्यात मोराची चिंचोलीला हुरडा खायला पुण्याहून गाड्याच्या गाड्या येतात, मोर बघतात, आणि जाताना हात हलवत जातात.

बाजरीची बिस्किटं तिथून डोक्यात आली. कल्पना काही जगावेगळी नाही. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं तेव्हापासून बाजरी-नाचणीची बिस्किटं सगळीकडे दिसतात. पण खाऊन बघा, बरीचशी एकतर भुसभुशीत नाहीतर कडवट. त्याची कारणं आहेत.

भुसभुशीत होतात कारण बाजरीत ग्लुटेन नाही. पीठ एकमेकांना धरून ठेवणारं काही नाही. म्हणून आम्ही निम्मं गव्हाचं पीठ घातलं. (मग लेबलवर "ग्लुटेन फ्री" लिहायचं नाही, बरं का. गहू आहे त्यात.) कडवट होतात कारण बाजरीत स्निग्धांश जास्त असतो आणि दळल्यावर तो हवेत उघडा पडून खवट व्हायला लागतो. आपल्या आज्ज्या बाजरी थोडी थोडी का दळून आणायच्या, ते यामुळेच. महिनाभर पडलेलं पाकिटातलं पीठ वापरलं की बिस्कीट बिघडलंच म्हणून समजा. दळून आणा आणि दोन-तीन दिवसांत वापरा.

आमचं तिसऱ्या वेळी जमलेलं माप असं: बाजरीचं पीठ 250 ग्रॅम, गव्हाचं पीठ 250, तूप 275, गूळ पावडर 250, तीळ 20, बेकिंग पावडर 5, मीठ 3, वेलची 2. तूप-गूळ फेटून घ्यायचं, पीठ घालून हलक्या हाताने गोळा करायचा, मळायचं नाही. अर्धा तास थंड जागी ठेवून 25 ग्रॅमचे पेढे वळायचे. 160 डिग्रीला 18 ते 20 मिनिटं. गुळामुळे रंग आधीपासूनच तांबूस असतो, त्यामुळे रंगावर जाऊ नका. खालची बाजू बघा. गरम असताना मऊ लागतात, ट्रेमध्येच गार होऊ द्या.

पहिला घाणा त्यांनी चिंचोलीच्या हुरडा पार्टीला नेला, नात्यातली 15-16 माणसं होती. बॉक्स मुद्दाम स्कूटीच्या डिकीत टाकून नेले. पोचेपर्यंत निम्म्या बिस्किटांचा चुरा. ही फार उपयोगी परीक्षा आहे. तुमचा माल गिऱ्हाइकाच्या हातून एसटीत, बाईकवर, खड्ड्यांतून जाणार आहे, तर आधी तुम्ही नेऊन बघा. पेढे जरा जाड केले, बॉक्समध्ये उभी रांग लावली, प्रश्न मिटला.

आता हिशोब

वरच्या मापाचं मिश्रण 1055 ग्रॅम. 25 ग्रॅमने 42 पेढे. भाजताना पाणी उडतं, बिस्कीट 22-23 ग्रॅमचं राहतं, म्हणजे 250 ग्रॅमच्या बॉक्समध्ये 11 बिस्किटं. 42 ला 11 ने भागा. पावणेचार बॉक्स झाले, चार नाही. इथेच बरेच जण "धरू चार" म्हणतात.

दर मी हिशोबापुरते धरते, तुम्ही तुमचे टाका. तूप 600 रुपये किलोने 165, दोन्ही पिठांचे 20, गूळ पावडर 20, बाकी 15. झाले 220 रुपये. बॉक्समागे 58. बॉक्स आणि लेबल 10, लाईट 5, तुमची मजुरी 20. (मजुरी धरायचीच. "घरच्या घरी करते" म्हणून शून्य लिहू नका.) उतरलं 93 ला. किंमत ठेवली 140. दुकानदाराने 25 टक्के घेतले तर 35 गेले, हातात आले 105, उरले 12. यात तुटफूट नाही, चाखायला दिलेली नाहीत, पेट्रोल नाही. आणि 275 ग्रॅम तुपाऐवजी "जरा सढळ" 300 घातलं, की त्या 12 मधले 4 रुपये तिथेच गेले. म्हणून काटा.

दुकानातून न विकता स्वतः विकलं तर हे 35 वाचतात. ताईंनी ते केलं. हुरड्याच्या सीझनमध्ये एका कृषी पर्यटन केंद्राच्या गेटवर शनिवार-रविवार टेबल लावलं. माझ्या काउंटरवरही 30 बॉक्स ठेवले होते, त्यातले 24 दोन आठवड्यांत गेले. यावेळी भिशीतलं कोणी नव्हतं.

नोंदणीबद्दल थोडक्यात. पाहुण्यांना खाऊ घालायला काही लागत नाही. पैसे घेऊन विकायचं ठरलं की आधी एफएसएसएआयची नोंदणी. छोट्या घरगुती व्यवसायाची बेसिक नोंदणी फॉसकॉस पोर्टलवर होते, फी वर्षाला 100 रुपये, आणि मिळणारा 14 आकडी नंबर लेबलवर टाकायचा. सोबत घटक, वजन, किंमत, बनवल्याची तारीख, किती दिवसांत खायचं ते, तुमचा पत्ता आणि शाकाहाराची हिरवी खूण.

आणि ओव्हन? अजून घेतलेला नाही. आपल्या लहानपणी दिवाळीच्या आधी आई रवा-मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायची आणि पत्र्याचा डबा भरून नानकटाई आणायची, आठवतंय? साहित्य आपलं, भट्टी त्याची, किलोमागे मजुरी. ताईंनी गावातल्याच बेकरीवाल्या काकांशी तसंच ठरवलंय. पावाचे घाणे निघाल्यावर भट्टी उतरत्या उष्णतेला असते, पावाला ती कमी पडते, पण तुपातल्या बिस्किटांना तीच मानवते. काकांची रिकामी भट्टी कामाला लागते, ताईंचं सोनं कपाटात राहतं.

पावसाळ्यात मात्र एक अडचण आली. गूळ हवेतलं पाणी ओढतो. जुलैमध्ये आठव्या दिवशीच बिस्किटं मऊ पडायला लागली, एका गिऱ्हाइकाने बॉक्स परत आणून दिला. ताईंनी पैसे परत केले आणि तो बॉक्स घेऊन थेट माझ्याकडे आल्या. सध्या निम्मा गूळ काढून साखर, आणि आत सीलबंद पाऊच, असं चाललंय. त्याचं ट्रायल पुढच्या आठवड्यात त्याच भिशीत आहे, दोन ताटं ठेवून.